आधी पत्रा, मग रंग

'गाडी उत्तम, रंगकाम बाकी' अशी जाहिरात वाचून जुनी ब्रिटिश गाडी बघायला निघाला असाल तर खिशात एक लोहचुंबक आणि हातात बोथट स्क्रू ड्रायव्हर असू द्या. साठ वर्षांच्या गाडीचा रंग आपणहून क्वचितच उडतो. खालचा पत्रा गंजून फुगतो आणि मग वरचे पोपडे सुटतात. म्हणून घरच्या गॅरेजमध्ये गाडी रंगवायची म्हणजे बरेच महिने पत्र्याशी झटायचं आणि शेवटचे थोडे आठवडे रंगाशी. हे मान्य असेल तर पुढचं वाचा. रंगाचे डबे आणि स्प्रे गन आधी आणून ठेवणाऱ्यांच्या गाड्या दोन हिवाळ्यांत पुन्हा फुगलेल्या मी पाहिल्या आहेत.

लंडन, रेडिंग, लेस्टर किंवा मँचेस्टरकडे स्थिरावलेल्या मराठी घरांना पुष्कळदा गॅरेज असतं आणि त्यात गाडी सोडून सगळं असतं: मुलांना लहान झालेल्या सायकली, गवत कापायचं यंत्र, भारतवारीच्या रिकाम्या बॅगा. ते रिकामं करणं हा या उद्योगाचा पहिला टप्पा. घरच्यांचा मनापासून पाठिंबा मिळतो तो बहुधा याच टप्प्यापुरता.

कुठली गाडी घ्यावी, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: मॉरिस मायनर. ऑस्टिन ए-३५, फोर्ड अँग्लिया, हिलमन मिंक्स या तिच्या काळातल्या घरगुती गाड्यांनाही आपापले चाहते आहेत. पण पहिल्यांदाच हात काळे करणाऱ्याला मायनरइतकी समजून घेणारी गाडी मिळायची नाही. १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमधल्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांनी पाहिली. रचना ॲलेक इसिगोनिस यांची. पुढे १९५९ मध्ये 'मिनी' आणणारे तेच. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यात ती प्रामुख्याने बनत होती. १९७१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत सगळे प्रकार मिळून सोळा लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, आणि दहा लाखांचा पल्ला गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. त्या निमित्ताने कंपनीने फिकट जांभळ्या रंगाच्या जवळपास साडेतीनशे खास गाड्या काढल्या. तुमच्यापुढे तसली जांभळी गाडी आली तर हुरळून जाण्याआधी तिचे कागद तपासा, कारण नक्कल करायला रंगाचे दोन डबे पुरतात.

आपल्याकडेही ही गाडी अगदी परकी नाही. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने तिचा सुरुवातीचा अवतार 'बेबी हिंदुस्थान' या नावाने भारतात आणला होता. आपल्या दोन पिढ्या जिच्यातून लग्नाला गेल्या ती ॲम्बेसेडर म्हणजे मायनरच्या मोठ्या बहिणीची, मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची, भारतीय आवृत्ती. तेव्हा पुण्या-कोल्हापुरात कुणाच्या आवारात ताडपत्रीखाली बेबी हिंदुस्थान किंवा जुनी ॲम्बेसेडर उभी असेल तर पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. हवामानाचा फरक आहे, तो ओघात सांगतो.

पहिल्या प्रयत्नाला १९५६ नंतरची, म्हणजे पुढची काच अखंड असलेली 'मायनर १०००' घ्यावी. तिचं इंजिन आधी ९४८ सीसीचं होतं, १९६२ पासून १०९८ सीसीचं झालं. दोन्हींचे सुटे भाग आजही सहज मिळतात. छत उघडणारी गाडी दिसायला मोहक खरी, पण त्यात साध्या सलूनचं छप्पर कापून बनवलेल्याही असतात. आणि छताचा आधार नसल्यामुळे तिची खालची चौकट गंजली की सगळी बॉडीच मधोमध वाकायला लागते. 'ट्रॅव्हलर'च्या मागच्या भागाची लाकडी चौकट ॲश लाकडाची असते. ती शोभेची नाही, बॉडीचा भार पेलते. लाकूड कुजलं असेल तर रंगाऱ्याच्या आधी सुतार लागेल. तो मोह दुसऱ्या गाडीसाठी ठेवा.

गाडीखाली शिरा

विकणारा माणूस बॉनेट उघडून इंजिन दाखवायला उत्सुक असतो. ते नंतर बघा. इंजिन दुरुस्त करणं या गाडीत तुलनेने सोपं काम आहे, पत्रा महाग पडतो. मायनरला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच्या पत्र्यातच ताकद आहे. त्यामुळे खालचा गंज हा दिसण्याचा मुद्दा उरत नाही, तो सुरक्षेचा होतो. पुढच्या चाकांमागून निघणारे दोन्ही चॅसिस लेग, जमिनीखालून आडवा जाणारा बीम आणि त्याची जॅक लावायची टोकं, दारांखालच्या सिल, मागचे पाटे जिथे बॉडीला अडकवलेले असतात ते हँगर, डिकीची जमीन, दारांच्या खालच्या कडा: स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने या क्रमाने ठोकत जा. निरोगी पत्रा टणटणतो, कुजका बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथे टोक दाबून पाहा. मालकाला आधी विचारा, नाहीतर व्यवहार तिथेच संपायचा.

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या आणि दारांच्या खालच्या भागावर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. थोडी लांबी असणं गुन्हा नाही, तळहाताएवढा पट्टा असेल तर आत भोक आहे असं समजून किंमत ठरवा. मडगार्डांचं मात्र फार मनावर घेऊ नका. मायनरचे चारही मडगार्ड बोल्टने बसवलेले असतात, ते काढून नवे लावता येतात. कुजलेलं मडगार्ड आणि शाबूत चॅसिस लेग असलेली गाडी, चकचकीत मडगार्ड आणि कुजलेला लेग असलेल्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये खालच्या बाजूला आटे असलेला एक सांधा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात आणि एके दिवशी, बहुधा कमी वेगात वळताना, चाक आडवं होऊन गाडी त्या कोपऱ्यावर बसते. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहा. खुळखुळा जाणवला तर तो खर्चाच्या यादीत धरा.

कागदांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, रस्ता करही शून्य होतो, पण त्यासाठी गाडी 'ऐतिहासिक' वर्गात नोंदवावी लागते. सूट आहे म्हणून तपासणी टाळू नका. काम संपल्यावर एकदा स्वेच्छेने एमओटी करून घ्या, दुसऱ्याच्या नजरेला आपल्याला न दिसलेलं दिसतं. गाडी गॅरेजमध्ये उघडी पडलेली असताना ती रस्त्यावर नाही हे परिवहन खात्याला, म्हणजे डीव्हीएलएला, 'सॉर्न'द्वारे कळवायचं असतं. भारतात २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी नोंद करायची असेल तर बॉडी आणि इंजिनाच्या मूळ रूपाला हात लावण्याआधी नियम वाचा.

सगळी गाडी एकदम सोडू नका

अर्धवट राहिलेल्या गाड्या ज्या अवस्थेत विकायला येतात ती अवस्था ओळखीची आहे: बॉडी एकीकडे, इंजिन दुसरीकडे, आणि बिस्किटांच्या डब्यांत एकत्र झालेले नट-बोल्ट. उत्साहाच्या पहिल्या दोन शनिवार-रविवारी गाडी पूर्ण सुटी होते. मग पुढची दोन वर्षं ती तशीच राहते. माझं मत असं की गाडी शक्य तितके दिवस चाकांवर, ढकलता येईल अशी ठेवावी. एका वेळी एक कोपरा उघडा, दुरुस्त करा, गंजरोधक लावा, मगच पुढे सरका. सीट, गालिचे, दारांचे आतले पुठ्ठे काढायला हरकत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्यांना तेच आधी बळी पडतात. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो, बोल्ट पारदर्शक पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. हे लिहायला क्षुल्लक वाटतं, पण परत जोडताना अर्धा वेळ याच चिठ्ठ्या वाचवतात.

पाने विकत घेताना लक्षात ठेवा की या गाडीवरचे बहुतेक नट-बोल्ट इंचांच्या मापाचे आहेत. भारतातून हौसेने आणलेला मिलिमीटरचा पानासंच इथे जवळपास बसतो, आणि त्या 'जवळपास'मुळेच नटाचे कोपरे गोल होतात. इंचांचा एएफ संच घ्या. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडा, घाईने जोर लावू नका. दुसरी नोंद बॅटरीची. मायनरमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. मागच्या मालकाने ते बदललेलं नाही ना, हे पाहूनच बॅटरी जोडा. फोनचा चार्जर किंवा नवा रेडिओ तसाच लावलात तर तो जळेल.

ब्रेकचं काम रंगाआधी संपवा. त्याला एक खास कारण आहे. मायनरचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चॅसिस लेगच्या आत दडवलेला आहे. ब्रेक ऑइल भरायचं तर गालिचा उचलून जमिनीवरचं झाकण काढावं लागतं. ब्रेक ऑइल रंग खातं. वर्षानुवर्षं तिथे सांडलेल्या ऑइलने रंग गेलेला आणि मग पत्रा गंजलेला, असं चित्र बहुतेक गाड्यांत दिसतं. नव्या रंगावर तेच घडू नये म्हणून आधी सिलिंडर आणि पाइप नवे करा, गळती थांबल्याची खात्री करा. पाइप तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचे घ्या, ते गंजत नाहीत. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या नळीने उडवू तर मुळीच नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

वेल्डिंग स्वतः करायचं की बाहेरून करून घ्यायचं, याचा विचार प्रामाणिकपणे करा. मिग वेल्डिंग शिकता येतं, ब्रिटनमधल्या अनेक कॉलेजांत संध्याकाळचे वर्ग असतात. बॉडीचा पातळ पत्रा पहिल्या झटक्यात भोक पाडून देतो, म्हणून महिनाभर भंगार पत्र्यावर हात बसवा. गाडीचं वजन ज्या भागांवर आहे तिथे, म्हणजे चॅसिस लेग, आडवा बीम, हँगर यांवर, हौशी वेल्डिंग जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय रस्त्यावर येऊ नका. सुरुवात करण्याआधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी गाडीबाहेर नेऊन ठेवा. बॉडीखालचा जुना डांबरासारखा थर खरवडा, तो सहज पेटतो. अग्निशामक हाताशी असू द्या. काम संपल्यावर तासभर गॅरेजमध्येच थांबा, कारण पोकळ सिलच्या आत धुमसत राहिलेली ठिणगी उशिरा डोकं काढते.

सिल कापताना दारं बसवलेलीच ठेवा आणि दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी तात्पुरती वेल्ड करून आधार द्या. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापल्या तर बॉडी काही मिलिमीटर खचते, आणि मग दारांच्या फटी कुठलाही रंगारी लपवू शकत नाही. नवा पत्रा वेल्ड करण्याआधी आतून, वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर मारा. जुन्या पत्र्यावर नुसतं ठिगळ चढवू नका. कुजका भाग कापून काढा आणि चांगल्या पत्र्याला नवा जोडा.

आता रंग

रंगाच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो: सेल्युलोज, टू-पॅक की इनॅमल? चमकेचा विचार बाजूला ठेवून तुमच्या जागेचा विचार करा.

टू-पॅक, म्हणजे रंगात हार्डनर मिसळून मारायचा प्रकार. टणक होतो, जास्त टिकतो, बाहेरच्या गॅरेजवाल्यांची पहिली पसंती. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. ब्रिटनची आरोग्य-सुरक्षा यंत्रणा, एचएसई, कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत याला धरते. नाकावरचा कोळशाचा मास्क इथे पुरेसा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. शिवाय ती हवा तुमच्या गॅरेजमधून शेजाऱ्यांच्या बागेत जाणार. घरी टू-पॅक मारू नका, असं मी स्पष्ट सांगतो. त्यावर वाद घालायला येणाऱ्याने आधी हार्डनरच्या डब्यावरचा इशारा वाचून यावं. प्रायमरसुद्धा टू-पॅक असू शकतो, तेव्हा तिथेही डबा वाचा.

सेल्युलोज हा जुन्या गाड्यांचा रंग. आपल्याकडचे जुने पेंटर ज्याला ड्युको म्हणतात तोच. थिनर उडून गेला की तो वाळतो, चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतो, आणि शेवटी घासून-पॉलिश करून त्याला जी खोल झळाळी येते ती साठ सालच्या गाडीला शोभते. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या कामासाठी म्हणून तो अजून विकत मिळतो. त्याच्याही वाफा ज्वालाग्राही आणि डोकं चढवणाऱ्या असतात. दार उघडं, चांगला फिल्टर मास्क, हातमोजे, आणि आसपास हीटरची ज्योत किंवा ठिणगी नको, एवढं पाळलंत तर घरी जमण्यासारखा आहे.

तिसरा मार्ग लोक हसण्यावारी नेतात: ब्रश आणि रोलरने मारायचा कोच इनॅमल. कंप्रेसर नाही, फवारा नाही, शेजारी खूश. फोमच्या छोट्या रोलरने पातळ थर द्यायचा, लगेच मऊ ब्रशने एका दिशेने अलगद सारखा करायचा. दुसऱ्या दिवशी तो पूर्ण वाळला आहे हे पाहून पाण्याने घासायचा, पुन्हा थर. पाच-सहा थरांनंतर आलेला रंग दोन हात लांबून पाहिला तर कुणी नावं ठेवणार नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहत असाल तर मी हाच सुचवेन.

नवा रंग मारण्याआधी गाडीवर आत्ता कुठला रंग आहे ते ओळखायला हवं. चिंधी सेल्युलोज थिनरमध्ये भिजवून डिकीच्या आतल्या बाजूला मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून चिंधीवर उतरला तर सेल्युलोज, सुरकुतला तर इनॅमल, काहीच झालं नाही तर टू-पॅक. इनॅमलवर सेल्युलोज मारलात तर सगळा रंग सुरकुत्या पडून उठेल. तिथे एकतर पत्र्यापर्यंत उतरवा, नाहीतर मध्ये आयसोलेटरचा थर द्या. जुन्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पाणी वापरा, मास्क लावा, आणि घाण पाणी मुलं खेळतात त्या हिरवळीवर ओतू नका.

उघड्या पत्र्यावर हाताचा घामसुद्धा गंज आणतो, त्यामुळे ज्या दिवशी पत्रा उघडा कराल त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे. लांबी आणि प्रायमर यांचा क्रम हमखास चुकतो. ॲसिडच्या एच प्रायमरवर लांबी लावू नये, ती नीट धरत नाही. ८० नंबरच्या पेपरने खरखरीत केलेल्या पत्र्यावर थेट लांबी, किंवा इपॉक्सी प्रायमर पक्का वाळवून त्यावर लांबी, यांपैकी एक मार्ग धरा. लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर पत्रा अजून ठोकून सारखा व्हायचा आहे. घासताना पेपर नुसत्या बोटांत धरू नका, बोटांच्या रेषा पत्र्यावर उमटतात. लांब लाकडी ठोकळ्याला पेपर लावून तिरकस, उलटसुलट घासा. डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवा: पातळ सुती हातमोजा घालून डोळे मिटून हात फिरवला की नजरेतून सुटलेला उंचवटा लागतो.

त्यावर हाय-बिल्ड प्रायमरचे थर, त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा. मग ४०० च्या वॉटर पेपरने घासा. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खोलगट जागी राहतो. पुन्हा भरा, पुन्हा घासा. इथे कंटाळा येतो. पण शेवटच्या चमकेला पत्र्यातला प्रत्येक खड्डा दुप्पट दिसतो, हे काळ्या मायनरच्या मालकांना विचारा. पहिल्या वेळी फिकट रंग घ्या. स्मोक ग्रे, आमंड ग्रीन, ओल्ड इंग्लिश व्हाइट हे मायनरचे खरे रंग आहेत आणि तिघंही हौशी हाताला सांभाळून घेतात. तुमच्या गाडीचा मूळ रंग गालिच्याखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे सापडतो. वॉरिकशरमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. शुल्क भरून तिथून प्रमाणपत्र मिळतं आणि बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत त्यात मूळ रंगही नोंदलेला असतो.

बॉनेटवर घासताना हात हलका ठेवा. मायनरच्या बॉनेटच्या मधोमध एक सपाट पट्टा उंचावलेला आहे. इसिगोनिस यांना पहिला नमुना अरुंद वाटला, तेव्हा त्यांनी तो उभा कापून दोन्ही अर्धे एकमेकांपासून सरकवत नेले आणि चार इंचांवर थांबवले. ती वाढलेली रुंदी या पट्ट्यात मावली. लॉर्ड नफील्ड या मॉरिसच्या मालकमहाशयांना गाडीचं गोलमटोल रूप अजिबात रुचलं नव्हतं. ते तिला पाण्यात सोडलेलं अंडं म्हणत. रंगाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की या पट्ट्याच्या दोन्ही कडांवर रंग पातळ बसतो आणि पेपर तिथेच सगळ्यात आधी पत्र्याला भिडतो. कडांवर चिकटपट्टी लावून मधला भाग घासा, कडा शेवटी बोटाने.

प्रायमर मारलेली गाडी पावसात उभी करू नका. बहुतेक प्रायमर पाणी शोषतात, आणि ते पाणी रंगाखाली फोड होऊन महिन्यांनी वर येतं.

फवाऱ्यासाठी दिवस निवडणं हे निम्मं काम आहे. ब्रिटनमध्ये मे ते सप्टेंबर, गॅरेजमध्ये १५ अंशांच्या वर, हवा कोरडी. दमट हवेत सेल्युलोजवर पांढुरकी झाक चढते. अँटी-ब्लूम थिनरने ती थोडी आवरते, पण सरळ दुसरा दिवस बघणं बरं. महाराष्ट्रात पावसाळा याच कारणासाठी वर्ज्य. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र उलट घडतं: थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडतो आणि रंग कोरड्या भुकटीसारखा बसतो. तिकडे हिवाळ्यातली सकाळ आणि सावकाश उडणारा थिनर घ्या.

मायनरला न मिसळलेला रंग साधारण ५ लिटर लागतो. सगळा एकाच वेळी घ्या आणि डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र ढवळा, नाहीतर उजवं दार डाव्यापेक्षा किंचित वेगळं निघेल. थिनर साधारण निम्म्यास निम्मं, नेमकं प्रमाण डब्यावर पाहा. रंगासाठी गनचा नोझल १.४ मिलिमीटरच्या आसपास. कंप्रेसर छोटा असेल तर एका पॅनेलनंतर थांबून टाकी भरू द्या. नळीत पाणी अडवणारा फिल्टर हवाच. गॅरेज आदल्या दिवशी झाडा, मारण्याआधी जमीन ओली करा. सिलिकॉन असलेलं कुठलंही पॉलिश किंवा स्प्रे त्या महिन्यात गॅरेजमध्ये उघडू नका. त्याच्या सूक्ष्म थेंबांवर रंग बसत नाही आणि माशांच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

मडगार्ड काढून वेगळे रंगवा, आतल्या कडांसह. इथे मायनरची बोल्टांची रचना उपयोगाला येते. मागच्या मडगार्ड आणि बॉडीमधली पाइपिंग मात्र रंगानंतर नवी बसवा. जुनीवरच रंग मारला की तो तडकतो. बॉडीवर आधी दारांच्या चौकटी, बॉनेट आणि डिकीच्या आतल्या कडा, मग छप्पर, मग बाजू. गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर आणि पत्र्याला समांतर. मनगटाने कमान काढू नका, सगळा हात सरकवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. ट्रिगर पॅनेलच्या बाहेर दाबा आणि बाहेरच सोडा. पहिला थर पातळ, खालचं दिसलं तरी चालेल. पुढचे थर ओले पण ओघळ न येणारे, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. ओघळ आलाच तर त्या क्षणी हात लावू नका. आठवड्याने वाळला की ब्लॉकने घासून निघतो.

घासताना रंग जाणार हे धरून थर द्या, पाच-सहा तरी हवेत. दोन आठवडे थांबून १२००, १५००, २००० च्या पेपरने साबणाच्या पाण्यात घासा, मग कंपाउंड. त्या घासणीने पाणी मळकट रंगीत होतं आणि नवशिक्याला धसका बसतो. कडा सोडल्या तर घाबरायचं कारण नाही. मेण मात्र दोन-तीन महिने लावू नका. सेल्युलोज अजून आतून थिनर सोडत असतो, त्याला श्वास घेऊ द्या.

मूळ रंग बदलला असेल तर ब्रिटनमध्ये डीव्हीएलएला कळवून नोंदणीपत्रात नवा रंग लिहून घ्या, भारतात आरटीओकडे. विमा कंपनीलाही सांगा. जुन्या गाड्यांचा विमा ठरलेल्या मूल्यावर घेता येतो. त्यासाठी कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो आणि पावत्या मागतात, तेव्हा त्या मोबाइलवरच्या फोटोंचा हा दुसरा उपयोग.

एक काम राहिलंच. सिल, चॅसिस लेग आणि दारांच्या पोकळीत पातळ मेण लांब नळीच्या नोझलने आतून फवारा. हे रंगानंतर, गाडी कोरडी असताना, उन्हाच्या दिवशी. आधी मारलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने पेटतं, आणि त्याचा ओशटपणा रंगात उतरतो. मेण सगळीकडे पोचलं की दारांच्या आणि सिलच्या तळाशी असलेली पाणी निथळायची भोकं तारेने मोकळी करा. मेणाने, रंगाने किंवा लांबीने ती बुजलेली असतात, आणि पुढच्या हिवाळ्यात पाणी तिथेच साठतं.